एकट्या घरातली घंटा

मलकापूरहून नांदुऱ्याकडे जाताना हमरस्त्यालगत वडनेर भोलजी लागते. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी बारा-एकच्या सुमारास तिथे, किंवा आपल्या वऱ्हाडातल्या कोणत्याही गावात, चक्कर मारून पाहा. बहुतेक दारांना कुलपे, आणि ओसरीवर तेवढी म्हातारी माणसे. कुणाची मुले शेतात, तर कुणाची पुण्याला, सुरतेला कामावर. समजा, अशाच एका घरात पंचाहत्तरीची एक आजी मोरीत पाय घसरून पडली. उठता येत नाही, आणि दाराची कडी आतून लावलेली. तिची हाक कोणाला ऐकू जावी?

मुलगा म्हणतो, "माये, पुण्याले चाल." आजी म्हणते, "मले नाही करमत तिथं." दोघांचेही खरे आहे. आजीला आपल्या घरी, आपल्या चालीने राहता यावे आणि मुलालाही रात्री झोप लागावी, यासाठी इतर देशांत जी सोय झाली तिला टेलिकेअर म्हणतात. दुरून घेतलेली काळजी, असे आपण म्हणू.

अमेरिकेत बॉस्टनजवळ अँड्र्यू डिब्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1974 साली ही सोय पुरवणारी संस्था काढली. रचना अगदी साधी आहे. गळ्यात किंवा मनगटावर सुपारीएवढा खटका, आणि घरात टेलिफोनला जोडलेली एक पेटी. खटका दाबला की पेटी आपण होऊन ठरलेल्या केंद्राला टेलिफोन लावते. केंद्रातला माणूस पेटीतूनच विचारतो, "आजी, काय झालं?" उत्तर आले नाही तर तो शेजाऱ्याला, नातलगाला किंवा रुग्णवाहिकेला कळवतो. पुढे माणूस पडल्याचे आपोआप ओळखणारी घड्याळेही निघाली.

एवढे झाले म्हणजे काम भागले, असे कोणालाही वाटेल. पण 2008 साली इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी नव्वदी ओलांडलेल्या लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. एकटे असताना पडलेल्या आणि स्वतः उठू न शकलेल्या लोकांपैकी सुमारे 80 टक्क्यांनी, घंटा घरात असूनही, ती वाजवलीच नव्हती! कोणाचा खटका दूर खुंटीला होता, तर कोणाला आपले आपण उठायचे होते. आपल्याकडची आजी निराळे काय म्हणेल? "कायले पोराले तरास द्याचा? उठीन थोड्या वेळानं." त्या थोड्या वेळाचे तास होतात. जमिनीवर फार वेळ पडून राहिले की अंग दबून जखमा होतात, पाणी पोटात जात नाही, थंडीत अंग गारठते. पुष्कळदा पडण्यापेक्षा हे पडून राहणेच जास्त जिवावर बेतते. म्हणून, "आजी, तू बोलावलंस तर आम्हाला राग येणार नाही," हे घरच्यांनी तिला आधीच, आणि एकदा नव्हे, सांगून ठेवले पाहिजे.

आता आपल्या हाताशी काय आहे ते पाहू. 1 जानेवारी 2017 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाईलमध्ये संकटाचे बटण असावे, असा नियम आहे. साध्या मोबाईलवर 5 किंवा 9 चा आकडा दाबून धरला की मदतीची हाक जाते. त्याआधीच्या मोबाईलमध्ये मात्र ही सोय असेलच असे नाही. गंमत म्हणून ते दाबून पाहू नये. पलीकडे खरी माणसे बसलेली असतात. पोलिसांसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108. ज्येष्ठ नागरिकांसाठी 14567 हा क्रमांक 1 ऑक्टोबर 2021 पासून देशभर सुरू झाला. पेन्शनची अडचण, घरातला छळ, मनाचा एकटेपणा, यांविषयी तिथे बोलता येते. त्याची वेळ सकाळी आठ ते रात्री आठ. रात्री दोन वाजता आजी पडली तर तो उपयोगाचा नाही, हे ध्यानात ठेवावे.

काही मुले घरात कॅमेरा बसवतात आणि पुण्याहून आईला पाहत राहतात. आईला न विचारता असे करणे मला पटत नाही. लुगडे बदलतानाही कोणी पाहत असेल, या धास्तीत राहणे म्हणजे स्वतंत्र राहणे नव्हे.

विजेचेही पाहावे लागते. इंग्लंडात जुन्या तांब्याच्या टेलिफोन तारा जानेवारी 2027 पर्यंत बंद करण्याचे ठरले आहे. त्या तारांतून टेलिफोनला स्वतःची वीज मिळे. नव्या जोडणीत घरची वीज गेली की पेटी मुकी होते, म्हणून तिथे बॅटरीची सोय करावी लागते. आपल्याला तर वीज जाण्याची सवयच आहे. मोबाईल रोज संध्याकाळी चार्ज करणे हे नातवंडाचे काम ठरवून द्यावे.

राहिला प्रश्न धावून येणाऱ्याचा. पुण्याचा मुलगा दहा मिनिटांत वडनेरला पोचणार नाही. मोबाईलमध्ये तीन नंबर घालावेत, पण वेचणीच्या दिवसांत तिघेही रानात असतील तर घंटेचा काय उपयोग? त्यांत दुपारी गावात असणारे एक माणूस हवेच: किराणा दुकानदार, पिठाच्या गिरणीवाला, आशाताई, अर्थात त्यांना विचारून. शाळेतल्या गुरुजींनी मुलांकडून आपापल्या आळीत एकटे राहणाऱ्यांची अशी यादी करून घेतली, तर एका दुपारचे काम आहे. आणि ती आतली कडी! इंग्लंडात दाराबाहेर भिंतीला आकड्यांच्या कुलपाची लहान पेटी असते, तिच्यात घराची किल्ली. आपल्याकडे शेजारणीच्या फडताळात दुसरी किल्ली ठेवली तरी पुरे. मात्र दार बाहेरून उघडेल असे कुलूप आधी बसवून घ्यावे, आणि मोरीला जाताना मोबाईल खाटेवर न ठेवता लुगड्याच्या ओच्यात खोचावा.