ऑपरेशन कमरेचं, दुखतंय डोकं

मणक्यातली गादी सरकून पायात उतरणारी कळ महिनोन्महिने सोसलेला माणूस शेवटी ऑपरेशनला तयार होतो. ऑपरेशन होतं, कळ थांबते, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. आणि मग डोकं दुखायला लागतं. ‘भुलीचा अंमल असेल’, ‘अशक्तपणा आहे, जाईल हळूहळू’ अशी समजूत काढत दिवस निघतात. कमरेच्या ऑपरेशनचा डोक्याशी काय संबंध, असं वाटून टाके काढायला गेल्यावरही हे डॉक्टरांना सांगायचं राहून जातं. ते सांगायलाच हवं, कारण संबंध असतो.

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती ड्यूरा नावाचं एकच सलग आवरण असतं. त्याच्या आत पाण्यासारखा नितळ द्रव खेळतो. मोठ्या माणसात तो एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतो आणि शरीर दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नव्यानं तयार करतं. मेंदू या द्रवात तरंगतो. गादी काढताना या आवरणाला कधी कधी चीर जाते. त्याच जागी दुसऱ्यांदा ऑपरेशन असेल, तर जुन्या व्रणामुळे ही शक्यता वाढते. बहुतेकदा सर्जनला चीर तिथेच दिसते आणि तो ती शिवतो. एखादी बारीक चीर मात्र नजरेतून सुटते किंवा शिवलेली जागा पुढे पाझरते. कण्यात सुई देऊन भूल दिली असेल, तर सुईच्या छिद्रातूनही असा पाझर होऊ शकतो. द्रव कमी झाला की उभं राहिल्यावर मेंदू किंचित खाली ओढला जातो, त्याच्या आवरणांवर आणि रक्तवाहिन्यांवर ताण येतो आणि डोकं ठणकतं.

हे वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे. १८९८ साली जर्मनीत ऑगस्ट बिअर यांनी कण्यातून भूल देण्याचा प्रयोग स्वतःवरही करून घेतला. त्यानंतर कित्येक दिवस त्यांचं डोकं दुखत राहिलं. आडवं झालं की थांबायचं. द्रव वाहून गेल्यामुळे हे होत असावं, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं.

म्हणून पहिला प्रश्न हा: उठून बसल्यावर दुखणं वाढतं आणि झोपल्यावर उतरतं का? उत्तर ‘हो’ असेल, तर सर्जनला त्याच दिवशी कळवावं. सुईमुळे झालेली डोकेदुखी विश्रांती, भरपूर पाणी आणि साध्या औषधांनी बहुधा दोन आठवड्यांत थांबते. नाही थांबली, तर रुग्णाचंच थोडं रक्त आवरणाबाहेर सोडून छिद्र बुजवतात. हा उपाय १९६० पासून वापरात आहे. ऑपरेशनमधली चीर पाझरत असेल, तर कधी ती पुन्हा शिवावी लागते.

झोपण्या-उठण्याशी संबंध नसेल, तर कारण वेगळं शोधावं लागतं. ऑपरेशन कमरेऐवजी मानेचं असेल, तर नंतर मान आखडून धरली जाते, स्नायू ताठतात आणि दुखणं मानेतून डोक्याच्या मागच्या बाजूला चढतं. मानेच्या वरच्या तीन नसा आणि चेहऱ्याच्या संवेदना नेणारी नस यांचे संदेश मेंदूच्या बुंध्याशी एकाच ठिकाणी पोचतात, त्यामुळे मानेचं दुखणं कपाळात जाणवू शकतं. इथे फिजिओथेरपी कामी येते; व्यायाम कधी सुरू करायचा, हे मात्र सर्जननं ठरवावं.

महिने उलटूनही डोकं दुखायचं थांबत नसेल, तर औषधांचा डबा तपासावा. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, ट्रामाडोलसारखं औषध किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, की गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. वेगवेगळ्या नावांच्या गोळ्यांत तेच पॅरासिटामॉल असतं, हेही लक्षात ठेवावं. या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी कराव्यात; ट्रामाडोल तर एकदम बंद करूच नये.

काही लक्षणांत एक दिवसही थांबू नये: ताप आणि मान ताठरणं, जखमेतून नितळ पाणी येणं, एकाचे दोन दिसणं, गुंगी, झटका, हातापायांतली ताकद जाणं, लघवी अडणं. तसंच उठल्यावर वाढणारं दुखणं पुढे झोपूनही राहू लागलं, तर मेंदूभोवती रक्त साचल्याची शंका घ्यावी लागते. अशा वेळी थेट रुग्णालय गाठावं.

बाकीच्यांनी एक वही करावी. दुखणं कधी सुरू झालं, कुठे होतं, आडवं झाल्यावर काय झालं, कोणती गोळी घेतली, एवढं रोज दोन ओळींत लिहावं. एमआरआयची गरज आहे का, हे ठरवायला डॉक्टरांना यातून मोठी मदत होते. पाय बरा झाला म्हणून डोक्याची तक्रार करायला संकोचणारे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांनी संकोचू नये, आणि घरच्यांनी त्यांना सोसायला सांगू नये. यातल्या बहुतेक डोकेदुखींवर उपाय आहे आणि तो वेळेत मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे.