गोवर विषाणूचा शरीरांतर्गत प्रसार

गोवर विषाणूचा शरीरांतर्गत प्रसार म्हणजे श्वासावाटे शरीरात शिरलेला गोवराचा विषाणू रोगप्रतिकारक पेशींच्याच साहाय्याने सर्वत्र पसरण्याची व अखेरीस श्वासमार्गातून पुन्हा बाहेर पडण्याची प्रक्रिया होय. गोवर हा वरकरणी त्वचेचा व श्वसनसंस्थेचा आजार वाटत असला, तरी या विषाणूचे प्रमुख लक्ष्य शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशी हेच असते.

प्रवेश

विषाणू प्रथम श्वासनलिकेच्या अस्तरात वाढतो व तेथून रक्तात उतरतो, असा क्रम पूर्वीच्या पाठ्यपुस्तकांत दिलेला आढळतो. हे चित्र आता बदलले आहे. २००० साली जपानी संशोधकांनी गोवराचा विषाणू ज्या प्रथिनाला चिकटून पेशीत शिरतो ते प्रथिन ओळखले. सीडी१५० नावाचे हे प्रथिन श्वासमार्गाच्या अस्तरावर नसतेच. ते रोगप्रतिकारक पेशींवर असते. फुफ्फुसातील वायुकोशांमध्ये गस्त घालणाऱ्या भक्षक पेशी आणि अस्तरालगतच्या डेंड्रिटिक पेशी विषाणूच्या तावडीत प्रथम सापडतात.

परका जंतू पकडून जवळच्या लसीका ग्रंथीत नेणे आणि तेथील पेशींना त्याची ओळख करून देणे, हे डेंड्रिटिक पेशींचे नेहमीचे काम होय. गोवरातही त्या तेच करतात, मात्र त्यांनी वाहून नेलेला विषाणू जिवंत व संसर्गक्षम असतो.

शरीरभर प्रसार

लसीका ग्रंथींमध्ये सीडी१५० धारण करणाऱ्या बी व टी पेशींची दाटी असते. त्यांच्यात विषाणू वेगाने वाढतो आणि या पेशींबरोबर रक्तावाटे प्लीहा, टॉन्सिल, आतड्यालगतच्या लसीका ऊती व त्वचा येथे पोहोचतो. संसर्ग झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत साधारण १४ दिवस जातात. यांतील बराच काळ रुग्ण निरोगी दिसतो. पुरळ हा विषाणूग्रस्त पेशींवर टी पेशींनी केलेल्या हल्ल्याचा परिणाम असतो. त्यामुळे प्रतिकारशक्ती अतिशय क्षीण असलेल्या रुग्णांत पुरळ न उठताही आजार गंभीर होऊ शकतो.

बाहेर पडणे

श्वासमार्गाच्या अस्तरातील पेशींवर नेक्टिन-४ हे दुसरे प्रथिन असते. त्याची ओळख २०११ मध्ये पटली. ते पेशींच्या आतल्या बाजूस असल्याने विषाणूग्रस्त रोगप्रतिकारक पेशी खालून अस्तराला भिडतात व विषाणू त्यांच्याकडून अस्तरात शिरतो. तेथून तो खोकल्याशिंकांवाटे हवेत मिसळतो. २००८ साली प्रसिद्ध झालेला माकडांवरील प्रयोग येथे विशेष बोलका आहे. अस्तरातील पेशींत शिरू न शकणारा विषाणू मुद्दाम तयार करून माकडांना देण्यात आला. माकडे आजारी पडली, परंतु त्यांच्या श्वासमार्गातून विषाणू बाहेर पडला नाही.

प्रतिकारशक्तीची विस्मृती

गोवराच्या काळात क्षयाची त्वचाचाचणी नकारार्थी होते, हे क्लेमेन्स फोन पिर्के यांनी १९०८ मध्येच नोंदवले होते. पूर्वीच्या संसर्गांची स्मृती जपणाऱ्या बी व टी पेशींवर सीडी१५० असते. त्या मोठ्या प्रमाणावर नष्ट होतात. आजार सरल्यावर रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या लवकर पूर्ववत होते, पण नव्या पेशींपैकी पुष्कळशा केवळ गोवरालाच ओळखणाऱ्या असतात. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या मुलांच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोवरानंतर इतर रोगजंतूंविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या साठ्यात ११ ते ७३ टक्के घट आढळली. गोवर लहानपणी येऊन गेलेला बरा, ही समजूत त्यामुळे घातक ठरते: गोवरातून उठलेले मूल न्यूमोनिया किंवा अतिसाराने दगावण्याचा धोका पुढेही राहतो.

लस घेतलेल्या मुलांत अशी घट दिसून आली नाही. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा ९ ते १२ महिने व दुसरी १६ ते २४ महिने या वयात दिली जाते.