वीतभर रणगाडा

कामगार चळवळीत केस पांढरे केलेल्या माणसाने वसंतातल्या संध्याकाळी दादरकरांसमोर उभे राहावे आणि बोलावे कशावर, तर प्लॅस्टिकचा वीतभर रणगाडा जोडून रंगवण्यावर! विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने विचारले, "मागण्या संपल्या काय?" मागण्या संपलेल्या नाहीत. परंतु हाताला काम हवे ही जी आमची पहिली मागणी, तिचा आणि या छंदाचा संबंध आहे. तो सांगावा म्हणून हा प्रपंच.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. आमचे वडील गिरणीत फिटर. त्या वर्षीच्या दिवाळीत चाळीच्या अंगणात नेहमीप्रमाणे पोरांनी मातीचा किल्ला केला, पण मावळे विकत आणावयास पैसे नव्हते. दहा महिने रिकामे बसलेल्या वडिलांनी लाकडी रीळ घेतले, त्याच्या दोन्ही कडांना चाकूने दाते पाडले आणि भोकातून रबर ओवले. एका बाजूला रबर काडीच्या तुकड्यात अडकवून पक्के केले. दुसऱ्या बाजूला मेणबत्तीची चकती बसवून तिच्यातून रबर बाहेर काढले व त्यात एक लांब काडी घातली. काडी फिरवून रबराला पीळ द्यावयाचा आणि रीळ जमिनीवर ठेवायचे. लांब काडी जमिनीला टेकून अडते, पीळ उलगडू लागतो आणि रीळ फिरते. मेणाची चकती बेताने घसरते, म्हणून चाल संथ राहते. दात्यांमुळे तो रणगाडा किल्ल्याचा चढ चढून गेला! शिवकालात रणगाडा कोठून आला, असे कोणी विचारले नाही. आम्ही मात्र त्या दिवशी वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिले. फार दिवसांनी त्यांच्या हाताला काम मिळाले होते.

आता मूळ विषयाकडे वळू. खरा रणगाडा प्रथम रणात उतरला तो १५ सप्टेंबर १९१६ रोजी, फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत. गुप्तता राखण्यासाठी इंग्रजांनी त्याला पाण्याची टाकी म्हणावयास सुरुवात केली आणि तेच 'टँक' नाव त्याला चिकटले. आपल्या भाषेने मात्र रण आणि गाडा हे दोन सरळ शब्द जोडून काम भागवले.

लहान प्रतिकृतीचा पाया म्हणजे प्रमाण. रणगाड्यांसाठी १/३५ आणि १/७२ ही दोन प्रमाणे विशेष रूढ आहेत. यांपैकी १/३५ ची कथा मोठी गमतीची आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी जपानमधील टामिया कंपनीने पँथर नावाच्या जर्मन रणगाड्याची प्रतिकृती काढली. तिच्या पोटात छोटी मोटर आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, एवढ्या हिशेबाने तिचा आकार ठरला. मागाहून मोजले तेव्हा ते प्रमाण सुमारे १/३५ भरले, आणि पुढे जगभर तेच चालू झाले.

आम्ही जोडावयास घेतला तो सेंच्युरियन. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत आपल्या पूना हॉर्स या पलटणीकडे हाच रणगाडा होता. तोफेची नळी सोडली तर त्याच्या धडाची लांबी सुमारे ७.६ मीटर. ३५ ने भागा, पावणेबावीस सेंटिमीटर होतात, म्हणजे आपली एक वीत! साडेपाच फुटी माणूस या मापाने पाच सेंटिमीटरांहूनही थोडा कमी भरतो.

आमच्या गिरणगावात 'साचा' म्हटले की माग, आणि तो चालवणारा साचेवाला. येथे साचा म्हणजे ओतकामाचा. वितळलेले प्लॅस्टिक मोठ्या दाबाने पोलादी साच्यात शिरते आणि थंड होऊन चौकटीला लगडलेल्या सुट्या भागांच्या रूपाने बाहेर पडते. हे भाग हाताने पिळून तोडू नयेत. चिमट्यासारख्या लहान कटरने देठ थोडा राखून कापावा आणि उरलेला देठ ब्लेडने व बारीक कानशीने साफ करावा. फिटरच्या कामातला जुना नियम येथेही लागू आहे : आधी कोरडे बसवून पाहावे, मग चिकटवावे. या कामाचा सिमेंट प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवून दोन भाग एकजीव करतो, म्हणून तो डिंकासारखा थापायचा नसतो. सांध्यावर कुंचल्याचे टोक टेकवले की पुरे, तो आपोआप आत ओढला जातो. फट राहिलीच तर पुटी भरून पॉलिश पेपरने घासावी.

सेंच्युरियनला प्रत्येक बाजूस सहा जोडचाके, म्हणजे दोन्ही बाजू मिळून चोवीस चकत्या. पट्टा ओढणारे दातेरी चाक मागे असते. चाकांवरून बाजूचे पत्रे येतात. आम्ही पहिल्या खेपेस घाईने ते पत्रे आधी चिकटवले आणि मग चाके रंगवावयास कुंचला आत जाईना. संघटनेतही आमच्या हातून अशी चूक झालेली आहे : बाहेरचा फलक आधी लावला आणि आतली माणसे जोडावयाची राहिली.

रंगाच्या कामात उतावळेपणा सर्वांत नडतो. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेल्या पदार्थाचा तेलकट अंश त्यावर राहू शकतो. तो साबणाच्या कोमट पाण्याने न धुता आम्ही रंग दिला, तर नखाने साल निघावी तसा तो निघाला. तेव्हा आधी धुणे, मग वाळवणे, मग अस्तराचा पातळ हात आणि त्यानंतर ऑलिव्ह हिरवा रंग. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात केव्हाही बरे. रंग पुरा वाळल्यावर खूप पातळ केलेला काळपट तपकिरी रंग खाचांत सोडावा, म्हणजे सावल्या उठतात. मग कुंचल्याला फिका रंग लावून तो जवळजवळ कोरडा होईपर्यंत फडक्याला पुसावा आणि उंचवट्यांवरून हलकेच फिरवावा. कडा उजळतात, वापराने झिजल्यासारख्या दिसतात. शेवटी पट्ट्यांना आणि खालच्या भागाला मातकट रंगाची धूळ द्यावी.

धुळीचे नाव निघाले म्हणून सांगतो. सिमेंट आणि पातळ करण्याचा द्रव यांची वाफ बाधते, तेव्हा खिडकी उघडी ठेवावी. घासण्याची धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नये. ओला पॉलिश पेपर वापरावा, तोंडाला मास्क बांधावा. कापसाच्या धुळीने छाती भरलेली माणसे आम्ही चाळीत खोकताना ऐकली आहेत. छंदासाठी कोणी फुफ्फुस देऊ नये; पोटासाठी तर देण्याची पाळीच येऊ नये.

राहता राहिला सहकाऱ्याचा दुसरा प्रश्न. शांततेची भाषा बोलणाऱ्याने शस्त्राचे कौतुक का करावे? याचे उत्तर आम्हांला एका खऱ्या रणगाड्याने दिले. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल यांचा 'फामागुस्ता' नावाचा सेंच्युरियन पेटला. मागे फिरण्याचा हुकूम आला तरी, तोफ चालते आहे म्हणून, ते हटले नाहीत. एकविसाव्या वर्षी ते धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. हे नाव आपणां सर्वांना ठाऊक आहे आणि ठाऊक असलेच पाहिजे. पण सेंच्युरियनमध्ये माणसे चार असतात! चालक प्रयाग सिंग, तोफेवर नथू सिंग, रेडिओ सांभाळणारे नंद सिंग. नंद सिंग त्या लढाईत कामी आले. ही तीन नावे आम्हांलाही वयाच्या पन्नाशीनंतर कळली. ज्याने आयुष्यभर 'यंत्रामागचा माणूस मोजा' असे सांगितले, त्यानेच इतकी वर्षे चारांतला एकच मोजला होता. त्या दिवशी आम्हांला आमची लाज वाटली.

म्हणून आमच्या रणगाड्यात आम्ही चौघे बसवले. नायक झाकणातून दिसतो, चालकाचे डोके पुढे दिसते. उरलेले दोघे बुरुजाच्या आत आहेत. बुरूज बसवल्यावर ते कोणालाच दिसत नाहीत, तरी त्यांचे गणवेश आम्ही तितक्याच निगुतीने रंगवले.

अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, १९९४ साली उघडलेले रणगाड्यांचे संग्रहालय आहे. मुलांना घेऊन तेथे अवश्य जा. खऱ्या पट्ट्याची एक कडी केवढी जाड असते ते त्यांना पाहू द्या. परत आल्यावर महागडा खोका लगेच आणू नका. एक रीळ, एक रबर आणि मेणबत्तीचा तुकडा एवढ्याने सुरुवात होते. आणि घरात कामावरून घरी बसलेला कोणी असेल, तर रिळाला दाते पाडावयास चाकू त्याच्या हाती द्या.