गुरांचा दवाखाना आणि शिकणारे डॉक्टर



आंबवड्यासारख्या गावात बऱ्याच मुलांच्या दारात गाय, म्हैस किंवा शेळी असते. पण गुरांचा डॉक्टर कसा तयार होतो, हे त्यांना क्वचितच कोणी सांगतं. याचं उदाहरण जवळच आहे. भोरच्या शेजारी, सातारा जिल्ह्यात शिरवळला १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मुंबईत परळचं महाविद्यालय तर १८८६ सालचं. अशा ठिकाणच्या दवाखान्यात तीन कामं एकत्र चालतात: उपचार, शिक्षण आणि संशोधन.

एक उदाहरण घेऊ. गाय चारा नीट न चावता गिळते आणि मग निवांत रवंथ करते. त्यामुळे वैरणीतला तारेचा तुकडा किंवा खिळा सहज पोटात जातो आणि जाळीपोटात अडकतो. हृदय तिथून अगदी जवळ असतं. तार टोचत पुढे सरकली तर गाय दगावू शकते. घर दुधाच्या पैशावर चालत असेल, तर तो धक्का सगळ्या घराला बसतो.

उपचार: वेळेत निदान झालं तर लोहचुंबक गिळायला देऊन तार एका जागी धरून ठेवता येते. नाहीतर गाय उभी असतानाच डाव्या कुशीत भूल देऊन, कोटीपोट उघडून हाताने तार काढतात.

शिक्षण: या वेळी विद्यार्थी शेजारी असतात. ताप बघणं, पोटाची हालचाल तपासणं, नोंद लिहिणं हे ते शिक्षकांच्या देखरेखीखाली करतात. पदवी साडेपाच वर्षांची, त्यातलं शेवटचं वर्ष प्रत्यक्ष कामाचं. पुस्तकात तार दिसते, पण दुखणारी गाय कशी उभी राहते ते गोठ्यातच कळतं.

संशोधन: एका गायीची नोंद म्हणजे एक घटना. अशा शेकडो नोंदी जमल्या की आजार कुठे, कधी, कशामुळे वाढतो ते दिसू लागतं. २०२२ मध्ये राज्यात लंपीची साथ पसरली, तेव्हा गायी-बैलांना शेळ्यांच्या देवीची लस टोचली गेली. दोन्ही विषाणू जवळच्या नात्यातले आहेत, हे अभ्यासातून आधीच माहीत होतं म्हणून ते शक्य झालं.

आता आपल्या मुलांचा भाग. जनावर बोलत नाही, म्हणून डॉक्टर पहिला प्रश्न मालकाला विचारतात. गाय कधीपासून खात नाही? रवंथ करते का? शेण कसं आहे? दूध किती घटलं? तार टोचलेली गाय पाठ वाकवून उभी राहते, उतारावर चालायला नको म्हणते. आपल्या डोंगराळ भागात ही खूण रोज गुरं वळणाऱ्या पोराच्याच आधी लक्षात येईल. त्याने सांगितलेली एक गोष्ट गायीचा जीव वाचवू शकते.

वर्गात करून पाहा: प्रत्येकाने घरच्या किंवा शेजारच्या एका जनावराची आठवडाभर नोंद ठेवायची. चारा, पाणी, रवंथ, शेण, दूध आणि चाल, बस्स. शनिवारी वाचून दाखवायची. आणि घरी जाऊन वैरणीच्या जागेतले तारा-खिळे वेचायचे, मात्र मोठ्या माणसाला सोबत घेऊनच.