बाकाच्या हाताशी माठ

आदिवासींना दवाखान्याची भीती का वाटते, हे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या लोकांनाच विचारलं. त्यातून चातगावजवळ शोधग्राममध्ये माँ दंतेश्वरी दवाखाना उभा राहिला. झाडांमध्ये झोपड्या, आणि नातेवाइकांना सोबत राहायची सोय.

हिरवाईचा गुण मोजलाही गेलाय. रॉजर उलरिच यांनी 1984 साली पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या 23 जोड्यांचा अभ्यास मांडला. खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. तीव्र वेदनाशामकंही त्यांना कमी लागली.

आता सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णासाठी अंगणात बाग करायची आहे असं धरू. अंगातलं पाणी कमी झालं किंवा गारठा बाधला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं ठणकू लागतात. म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हाळ्यात फुलांआधी सावली! कडुनिंबाखाली पाठ टेकता येईल असा बाक, बाकाच्या हाताशी माठ. थंडीसाठी दुसरी बैठक, सकाळचं कोवळं ऊन येईल तिथे. वाफे कमरेइतके उंच, म्हणजे वाकायला नको. मोगऱ्याचं एखादंच झाड पुरे. दुखत असताना उग्र वास नकोसा होतो.

परदेशी पुस्तकांतलं कमळाचं तळं मात्र मी सुचवणार नाही. गडचिरोलीत साचलेलं पाणी म्हणजे डासांना आवतण, आणि मलेरिया या रुग्णांना फार महागात पडतो. पाणी हवंच असेल तर पाखरांसाठी मातीचं पसरट भांडं ठेवा आणि रोज पालथं करून पुन्हा भरा. चिमण्या भांडायला येतातच.