एक दिवस लक्ष्मीविलासचा

अहमदाबादला चार दिवसांची सुट्टी टाकून जाताय? मग त्यातला एक दिवस बडोद्याला द्याच. सकाळची ट्रेन पकडली की दोनेक तासांत बडोदा. आम्ही ऑफिसातले तिघं असेच निघालो आणि अकराच्या आत लक्ष्मीविलास पॅलेसच्या गेटवर हजर!

‘बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट’ हे वाक्य तुम्हाला रिक्षातच ऐकायला मिळेल. नेमकं काय मोजलंय, इमारत की आवार, ते मात्र कोणी सांगत नाही. सोडून द्या. आत बघण्यासारखं भरपूर आहे. दरबार हॉलची मोझेकची फरशी, रंगीत काचांच्या खिडक्या, वर राजघराण्यातल्या बायकांसाठी झरोके. इटालियन शिल्पकार फेलिचीचे पुतळे. आणि अर्थातच राजा रविवर्मा! आजीच्या देवघरातल्या तसबिरींमधले चेहरे इथे ओरिजिनल भेटतात. आत फोटो काढायला बंदी आहे, ते एका अर्थी बरंच. लोक चक्क बघतात. राजघराणं आजही इथेच राहतं, त्यामुळे बराचसा महाल आपल्यासाठी बंदच.

महालाचा आराखडा मेजर मँट या इंग्रजाचा. आपली गणितं चुकली, इमारत कोसळणार, या धास्तीने त्याने जीव दिला असं सांगतात. तो 1881 मध्ये गेला, पुढचं काम चिझमने केलं आणि 1890 मध्ये महाल उभा राहिला. कोसळला वगैरे काही नाही.

मला जास्त इंटरेस्ट होता तो मालकात. मालेगावजवळच्या कवळाण्याचा गोपाळ, शेतकऱ्याचा पोरगा. 1875 मध्ये बाराव्या वर्षी दत्तक आला, तेव्हा त्याला धड लिहिता-वाचताही येत नव्हतं. तो झाला सयाजीराव तिसरा. याच माणसाने 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, गावोगावी वाचनालयं काढली. झुंबरांपेक्षा मला हे भारी वाटतं.

दुपारी बाहेर पडून झणझणीत सेव-उसळ खा. मिसळीची गुजराती चुलत बहीणच ती! आणि मग लगेच स्टेशन गाठू नका. रिक्षावाल्याला कमाटीबाग सांगा, म्हणजेच सयाजीबाग. तिथे संकल्पभूमी आहे. सयाजीरावांच्या स्कॉलरशिपवर 1913 मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. 1917 मध्ये ठरल्याप्रमाणे संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला बडोद्यात आले, तर शहरात राहायला खोली मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तर काठ्या घेऊन माणसं दारात आली. त्या दिवशी मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते या बागेत बसून होते.

परदेशी पाठवायला महाराज तयार, पण महाराजांच्याच राजधानीत डोकं टेकायला जागा नाही. महालाच्या तिकिटात ही गोष्ट येत नाही, म्हणून बाग चुकवू नका असं माझं स्पष्ट मत. आमच्यातला एक जण नुकताच नोकरीसाठी पुण्यात भाड्याचं घर शोधून दमलेला. आडनाव विचारून ‘कळवतो’ म्हणणारे घरमालक त्याला तीन वेळा भेटले. तो तिथे बराच वेळ बसून राहिला. आम्हीही घाई केली नाही.

संध्याकाळच्या ट्रेन्स बऱ्याच आहेत. स्टेशनही बागेपासून जवळच. आणि हो, महाल सोमवारी बंद असतो, तेवढं बघून निघा.