गाव सोडणं हा प्रतिकार होता का?

सुप्याहून नगर जेमतेम तासाभरावर. तिथेच १७०७ मध्ये औरंगजेब वारला. १६८१ साली दक्षिणेकडे निघालेला हा बादशहा परत उत्तरेत गेलाच नाही. एवढ्या वर्षांत इथल्या गावांनी काय केलं असेल?

१६८९ मध्ये रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले. मुलखात मुघल वसूल मागायचे, मराठेही मागायचे. वतनदार दोघांशीही संधान ठेवून वतन टिकवायचे. कुणबी मात्र गाव सोडून जायचे. जमीन पडीक पडली की वसूल बुडायचा. मग कौल देऊन, साऱ्यात सूट देऊन त्यांना परत बोलवावं लागे.

आता सांगा, हा प्रतिकार की नुसता जीव वाचवणं? कागदात कृती दिसते, हेतू दिसत नाही. म्हणून तुमच्या नोंदवहीत तीन रकाने पाडा: काय केलं, परिणाम काय झाला, हेतूचा पुरावा कोणता. तिसरा रकाना रिकामा असेल तर रिकामाच ठेवा. नाहीतर आपण आपल्या मनातला शूर किंवा फितूर त्या माणसावर लादतो, आणि उत्तर द्यायला तो हयात नसतो.

आणि हो, जुन्या कागदात ‘सुपे’ दिसलं की लगेच आपलं सुपा समजू नका. भोसल्यांच्या जहागिरीतलं सुपे बारामतीकडचं. आधी परगणा तपासा.